वाचकांचे प्रश्न : कुमारवयीन मुलं आणि मानसोपचार

या सदरासाठी आलेल्या पत्रांतली बरीचशी दहा ते एकोणीस या वयातल्या मुलामुलींबद्दल आहेत. पत्रं बहुतेक पालकांची, एक शिक्षिकेचं आणि एक खुद्द सोळा वर्षांच्या मुलाचं. या वयाचा रुग्ण उपचारांत नेमका कुठे बसतो, त्याचं ऐकायचं कुणी आणि निर्णय घ्यायचा कुणी, हाच गुंता सगळ्या पत्रांत आहे.

प्रश्न : चौदा वर्षांच्या मुलीला आम्ही पहिल्यांदाच मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. दहा मिनिटं सगळ्यांशी बोलून डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर बसवलं. पाऊण तास मुलगी एकटी आत होती. घरी ती तोंड उघडत नाही. तिचं काय बिनसलंय ते आम्हीच सांगू शकतो. ही पद्धत बरोबर आहे का?

बरोबर आहे. तिला एकटीला वेळ दिला नसता, तर तपासणीच अपुरी राहिली असती.

मुलांच्या मानसिक त्रासाची माहिती दोन बाजूंनी येते आणि त्या दोन बाजू सहसा जुळत नाहीत. चिडचिड, उलट उत्तरं, अभ्यासातली घसरण, दार लावून बसणं हे पालकांना दिसतं. भीती, रिकामेपणा, कानात ऐकू येणारे आवाज, मरणाचे विचार, कुणी केलेला छळ हे फक्त मुलीला ठाऊक असतं. आईवडिलांसमोर ती ते सांगत नाही. कधी लाजेने, कधी त्यांना धक्का बसेल म्हणून. त्रास घरातलीच एखादी व्यक्ती देत असेल, तर त्या खोलीत ती ते बोलणं शक्यच नसतं.

चांगल्या पहिल्या भेटीत साधारणपणे आधी सगळे एकत्र बसतात. मग मुलगी एकटी, नंतर पालक एकटे आणि शेवटी पुन्हा सगळे एकत्र. पालकांशी स्वतंत्र बोलणं होणार आहे, हे मुलीला आधी सांगितलेलं असावं, नाहीतर आपल्यामागे काहीतरी शिजतंय असं तिला वाटतं. एकटीशी बोलताना डॉक्टर सोप्या विषयांपासून अवघड विषयांकडे जातात : घर, शाळा, मित्रमैत्रिणी आणि छंद, झोप आणि भूक, मोबाइलवर काय चालतं, नशा, शरीरसंबंध आणि आकर्षण, मन:स्थिती, स्वतःला इजा, आत्महत्येचे विचार आणि शेवटी सुरक्षितता. आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने मुलांच्या डोक्यात तो विचार शिरतो, ही भीती निराधार आहे. उलट कुणीतरी स्पष्ट विचारलं याचं मुलांना हायसं वाटतं.

तुमच्याकडची माहिती मात्र तितकीच लागते, ती दुसऱ्या कुणाकडून मिळणार नाही. जन्म आणि बालपणातली वाढ, आधीचे आजार, डोक्याला मार, फिट येणं. घराण्यात कुणाला नैराश्य, उन्मादाचे झटके, आत्महत्या, व्यसन. यावर औषधाची निवडही बदलू शकते. बदल कोणत्या महिन्यापासून दिसला आणि त्याआधी ती कशी होती, तेही सांगा. चालू असलेली सगळी औषधं लिहून न्या, कोणत्याही पद्धतीची असोत. मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं नेलीत तर उत्तम. घसरण हळूहळू झाली की अचानक, ते त्यात लगेच दिसतं.

आणखी एक. या वयात नैराश्य उदास चेहऱ्याने येईलच असं नाही. सततची चिडचिड हेही निदानाच्या निकषांत उदासीच्या जागी धरलं जातं. दोन आठवड्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवस, दिवसाचा बराच वेळ चिडचिड असेल आणि जोडीला झोप, भूक, रस, एकाग्रता बिघडली असेल, तर तिला ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

प्रश्न : मी सोळा वर्षांचा आहे. डॉक्टरांना सांगितलेलं सगळं आईबाबांना कळतं का? तसं असेल तर मी काहीच बोलणार नाही.

सगळं कळत नाही. पण काहीच कळणार नाही असं वचन कोणी देत असेल, तर तेही खरं नाही.

तीन गोष्टी डॉक्टर स्वतःजवळ ठेवू शकत नाहीत : तुझ्या जिवाला धोका आहे, तुझ्यामुळे दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे, किंवा तुझा छळ किंवा लैंगिक अत्याचार होतो आहे. बाकी बहुतेक गोष्टी, म्हणजे कोण आवडतं, कुणाशी भांडण झालं, आईबाबांबद्दल काय वाटतं, एकदा सिगारेट ओढली, या खोलीतच राहायला हव्यात. पालकांना साधारणपणे निदान, औषधाचं नाव, त्याचे दुष्परिणाम आणि कशावर लक्ष ठेवायचं एवढं सांगितलं जातं.

मधला भाग धूसर असतो. सहा महिन्यांपूर्वी एकदा हातावर ओरखडे काढले होते, ते सांगायचं का? डॉक्टर बघतात की ते किती वेळा झालं, वाढतंय का, त्यामागे मरायचा विचार होता का. म्हणून पहिल्याच भेटीत, काही सांगण्याआधी विचारून घे : कोणत्या गोष्टी तुम्ही घरी सांगाल? सांगायची वेळ आली तर मला आधी कळवाल का? मी स्वतः सांगितलं तर चालेल का, तुम्ही शेजारी बसाल का? माझी फाइल कोण वाचू शकतं? हे प्रश्न विचारणं उद्धटपणा नाही. डॉक्टरांनी ही उत्तरं न विचारताही द्यायला हवीत.

उपचारांना कायदेशीर संमती बहुतेक ठिकाणी पालकच देतात, वयाची अट देशागणिक वेगळी आहे. पण संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं बारावं कलम सांगतं की मुलाला स्वतःशी संबंधित गोष्टींत मत मांडायचा हक्क आहे आणि त्याच्या वयाला व समजेला धरून त्या मताला वजन द्यायला हवं. म्हणजे सही आईची असली, तरी गोळी कशासाठी आहे, ती न घेता दुसरं काय करता येईल, हे तुला समजावून सांगणं आणि तुझा होकार घेणं हे डॉक्टरांचं काम आहे.

आणि आत्ता मरणाचे विचार येत असतील, तर पुढच्या तारखेची वाट बघू नकोस. ज्या मोठ्या माणसाजवळ तुला सर्वांत कमी भीती वाटते, त्याला आजच सांग आणि त्याच्यासोबत जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

प्रश्न : पंधरा वर्षांच्या मुलाला काही आठवड्यांपासून आवाज ऐकू येतात, जेवण-झोप जवळजवळ बंद आहे. डॉक्टर ॲडमिट करा म्हणतात. रुग्णालयात मुलांसाठी वेगळा वॉर्ड नाही, मोठ्यांच्या वॉर्डात खाट मिळेल म्हणतात. काय करावं?

आधी दाखल करण्याबद्दल. जिवाला तातडीचा धोका, वास्तवाचं भान सुटलेलं असणं, अन्नपाणी बंद होणं, किंवा घरी सुरक्षित ठेवणं अशक्य होणं, ही त्याची खरी कारणं. खाण्याच्या विकारांत तर मन बाजूला ठेवून शरीराचे आकडे बघावे लागतात. जागेपणी नाडी मिनिटाला ५० च्या खाली गेली, तर मुलगी कितीही ठणठणीत दिसो, दाखल करणंच योग्य. ‘घरच्यांना जरा विश्रांती’ किंवा ‘धडा शिकवायला’ ही कारणं नाहीत. तुमच्या मुलाबाबत डॉक्टर सांगतात ते पटण्यासारखं आहे, टाळू नका.

त्याआधी एक शंका निकालात काढायला हवी. भ्रम आणि आवाज काही दिवसांत अचानक सुरू झाले असतील आणि जोडीला ताप, फिट, तोंडाच्या किंवा हातांच्या विचित्र हालचाली, बोलणं बंद होणं असेल, तर हा मेंदूचा दाह असू शकतो. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर उलटते असा एक प्रकार तरुण वयात दिसतो, त्यावर उपचार आहेत आणि ते लवकर सुरू व्हावे लागतात. अशा वेळी मेंदूविकारतज्ज्ञांचं मत घ्यायलाच हवं. नशेच्या पदार्थांसाठी लघवीची तपासणीही मागा. ‘आमचा मुलगा तसा नाही’ म्हणून ती टाळली जाते आणि निदान चुकतं.

आता वॉर्ड. वर उल्लेख केलेल्या बालहक्क करारातलं ३७ वं कलम म्हणतं की ज्या मुलाचं स्वातंत्र्य काढून घेतलं आहे, त्याला प्रौढांपासून वेगळं ठेवावं. अपवाद फक्त तसं न करणं त्याच्याच हिताचं असेल तर. मोठ्यांच्या वॉर्डात पंधरा वर्षांच्या मुलाचं काय होतं? शेजारच्या खाटेवरच्या उन्मत्त रुग्णाची त्याला दहशत बसते. गैरफायदा घेतला जाण्याचा धोका असतो. दिवसभर करायला काही नसतं, कारण तिथल्या परिचारिकांचं प्रशिक्षण मोठ्यांसाठीचं आणि वेळापत्रकही त्यांच्याच सोयीचं. यानंतर तो रुग्णालयात पाय ठेवायलाच तयार होत नाही, आणि ज्या आजाराला पुढची काही वर्षं उपचार लागू शकतात, त्यात ही सर्वांत महागात पडणारी गोष्ट आहे.

म्हणून आधी मुलांचा वॉर्ड असलेलं रुग्णालय शोधा, लांब असलं तरी चौकशी करा. ते जमलं नाही, तर साध्या बालरोग वॉर्डात खाट आणि मानसोपचारतज्ज्ञांची रोजची भेट असं जमतं का विचारा. काही मुलांना दिवसा रुग्णालयात आणि रात्री घरी असंही चालतं, पण खाणं-झोप बंद असलेल्या मुलाला नाही. यातलं काहीच शक्य नसेल आणि धोका आजचा असेल, तर मोठ्यांचा वॉर्ड स्वीकारा. फक्त सही करण्याआधी या गोष्टी ठरवून घ्या : स्वतंत्र खोली, ती परिचारिकांच्या टेबलाजवळ, स्वच्छतागृह वेगळं किंवा सोबतीनेच वापरायचं, रात्रंदिवस घरचं एक माणूस जवळ, बालमानसोपचाराचा अनुभव असलेले डॉक्टर आठवड्यातून किती वेळा बघणार, आणि मुलांच्या जागी खाट मोकळी झाली की हलवायचं. हात-पाय बांधणं किंवा गुंगीचं इंजेक्शन कोणत्या परिस्थितीत देतात, कुणाच्या आदेशाने आणि किती वेळ, हेही विचारा. उत्तर टाळलं जात असेल, तर ती काळजीची गोष्ट आहे.

मुलाला फसवून नेऊ नका. ‘फिरायला जाऊ’ म्हणून नेलेला मुलगा नंतर कुणावरच विश्वास ठेवत नाही. कुठे जातोय, का, तिथे आईबाबा किती वेळ असतील, फोन जवळ ठेवता येईल का, दोरी-पट्टा-चार्जर का काढून घेतात, हे सगळं आदल्या दिवशी सांगा. घरचं पांघरूण आणि एखादं आवडतं पुस्तक न्या.

भ्रमावरच्या काही औषधांनी पहिल्या काही दिवसांत मान वाकडी होते, डोळे वर फिरतात, जबडा आखडतो. तरुण मुलग्यांत हे जास्त दिसतं. घरचे घाबरतात, नवाच आजार झाला म्हणतात. हा औषधाचा परिणाम असतो आणि योग्य इंजेक्शनने थोड्याच वेळात उतरतो, फक्त ताबडतोब सांगायला हवं. वजन हळूहळू पण बरंच वाढू शकतं आणि मुलांत ते मोठ्यांपेक्षा जास्त वाढतं. म्हणून पहिल्या गोळीआधी वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटी रक्तातली साखर आणि चरबी मोजून लिहून ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. औषध सोडून देण्याचं मुलांचं फार मोठं कारण वजन असतं आणि ते कारण ती सांगत नाहीत.

घरी जायची योजना दाखल केलं त्याच आठवड्यात सुरू व्हावी. मुक्काम लांबला की शाळा सुटते, मित्र सुटतात आणि वॉर्डातल्या इतर मुलांकडून स्वतःला इजा करण्याच्या सवयीही उचलल्या जातात. दुसरीकडे, घरी आल्यानंतरचे पहिले दिवस आत्महत्येच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असतात. तेव्हा पहिली तपासणी सात दिवसांच्या आत, शक्य तर दोनतीन दिवसांतच ठरलेली असावी. तारीख, वेळ आणि डॉक्टरांचं नाव लिहिलेला कागद हातात आल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नका. घरातली सगळी औषधं, कीटकनाशकं, धारदार वस्तू तो घरी येण्याआधी कुलपात जायला हव्यात.

प्रश्न : सोळा वर्षांच्या मुलीला नैराश्यासाठी फ्लुऑक्सेटिन दिलंय. माहितीपत्रकात लिहिलंय की या औषधाने तरुणांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. मग द्यावं का?

नैराश्यावरच्या सगळ्याच औषधांसाठी हा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००४ मध्ये सक्तीचा केला आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंत वाढवला. त्यामागचे आकडे असे : मुलं आणि कुमारांवरच्या २४ चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा औषध घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्क्यांत आणि खोटी (औषध नसलेली) गोळी घेणाऱ्यांत सुमारे २ टक्क्यांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वर्तन आढळलं. त्या चाचण्यांत आत्महत्येने एकही मृत्यू झाला नाही. इशारा खरा आहे. त्याचा अर्थ औषध देऊ नका असा नाही, दिल्यावर मुलीकडे पाठ फिरवू नका असा आहे.

दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा. १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलामुलींवर झालेल्या आणि २००४ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत बारा आठवड्यांनी फ्लुऑक्सेटिन आणि विचार-वर्तन उपचार (बोलण्यातून विचार आणि वागणं बदलण्याचा उपचार) दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के सुधारले, फक्त औषधावर ६१, फक्त बोलण्याच्या उपचारावर ४३ आणि खोट्या गोळीवर ३५ टक्के. म्हणून मध्यम ते तीव्र नैराश्यात नुसती गोळी हातात देऊन पाठवणं अपुरं आहे. बोलण्याच्या उपचाराबद्दल विचारा. सौम्य नैराश्यात तर सुरुवात गोळीने करूच नये.

सुरुवात सहसा रोज १० मिलिग्रॅमने होते, गरज वाटल्यास आठवड्याने २०. पहिले चार आठवडे दर आठवड्याला डॉक्टरांची भेट किंवा निदान फोन हवा, डोस बदलला की पुन्हा. या काळात अचानक अस्वस्थपणा, एका जागी बसता न येणं, झोप उडणं, भांडखोरपणा, मरणाचं बोलणं दिसलं, तर त्याच दिवशी कळवा. कमी झोपूनही प्रचंड उत्साह, सुसाट बोलणं, बेफाम खर्च दिसला, तर उन्मादाची शंका घ्यावी लागते. नात्यात कुणाला तो आजार असेल, तर हे आधीच सांगून ठेवा.

गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. दुसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून बंद केलेलं औषध हा फार वारंवार दिसणारा घोटाळा आहे. दुसरा घोटाळा म्हणजे बरं वाटल्याबरोबर बंद करणं. पूर्ण बरं वाटू लागल्यानंतर निदान सहा महिने चालू ठेवायचं आणि मग काही आठवड्यांत डॉक्टरांच्या सांगण्यानुसार उतरवायचं. गोळ्यांची पाकिटं तुमच्याकडे ठेवा, रोजची गोळी तिच्या हातात द्या, पण ती घेताना तिच्यावर पहारा बसवल्यासारखं वागू नका.

प्रश्न : मुलगा दोन महिन्यांत अठरा पूर्ण करतोय. बालविभागाने सांगितलं की आता मोठ्यांच्या विभागात जा. नवे डॉक्टर त्याला ओळखत नाहीत. हे असंच असतं का?

दुर्दैवाने बऱ्याच ठिकाणी असंच असतं. इंग्लंडमध्ये या टप्प्यावरच्या तरुणांचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. आधीची तयारी, माहितीची नीट देवाणघेवाण, दोन्ही विभागांची एकत्र बैठक आणि पुढे न तुटलेले उपचार, या चारही गोष्टी मोठ्यांच्या विभागात गेलेल्यांपैकी ५ टक्क्यांहून कमी जणांना मिळाल्या होत्या.

आणि सीमा नेमकी चुकीच्या जागी आहे. २०२२ मध्ये १९२ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात मानसिक आजार सुरू होण्याचं सर्वाधिक प्रमाण साडेचौदाव्या वर्षाच्या आसपास दिसलं. जवळजवळ निम्म्यांचा आजार अठराच्या आत सुरू होतो, तर पंचविशीच्या आत ६२ टक्क्यांहून अधिक जणांचा. आजार ऐन भरात असताना, शिक्षण बदलताना, घर सुटताना आपण डॉक्टरही बदलतो. ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये सुरू झालेली तरुणांच्या मानसिक आरोग्यासाठीची ‘हेडस्पेस’ केंद्रं १२ ते २५ हा गट एकत्र धरतात, आमच्या मते तीच दिशा योग्य आहे.

तुमच्या हातात दोन महिने आहेत. खरं तर सहा हवे होते. जुन्या डॉक्टरांकडून एक-दोन पानांचा सारांश लिहून घ्या : निदान, केव्हा काय बिघडलं, कोणती औषधं कोणत्या डोसला लागू पडली, कोणती सोसली नाहीत, बिघडण्याआधीची पहिली लक्षणं कोणती. तो मुलाला वाचायला द्या, त्याला चूक वाटेल ते दुरुस्त होऊ द्या. नव्या डॉक्टरांची पहिली भेट जुन्यांकडच्या शेवटच्या भेटीच्या आधीच होऊ द्या, जमल्यास दोघांच्या उपस्थितीत. मधल्या काळात पुरतील एवढ्या गोळ्या आणि चिठ्ठी जवळ हवी. उपचार तुटतात ते बहुधा इथेच. अठरानंतर डॉक्टर त्याच्या परवानगीशिवाय तुमच्याशी बोलणार नाहीत. कुणाशी काय बोललेलं चालेल, हे आजार आटोक्यात असतानाच त्याच्याकडून लिहून घ्या.

प्रश्न : माझ्या वर्गातली एक मुलगी मानसोपचार रुग्णालयातून परत येते आहे. शाळेने काय करावं?

ती येण्याआधी तिला, पालकांना आणि एका ठरावीक शिक्षिकेला एकत्र बसवा. वर्गाला काय सांगायचं ते तिला ठरवू द्या. ‘मी आजारी होते, आता बरी होते आहे’ एवढं वाक्य पुरतं. पहिले एकदोन आठवडे अर्धा दिवस, अवघड विषय सकाळी नको, कारण काही औषधांची गुंगी तोवर उतरलेली नसते. वर्गाबाहेर जायची वेळ आली तर परवानगी मागायला न लावणारी एक खूण ठरवा आणि ती कुठे जाऊन बसेल ती जागा ठरवा. पाणी प्यायला आणि लघवीला अडवू नका. लिथियम हे मन:स्थितीचे चढउतार आवरणारं औषध चालू असेल, तर तहान आणि लघवी दोन्ही वाढतात आणि पाणी कमी पडलं तर औषधाची रक्तातली पातळी धोकादायक होऊ शकते. बुडालेला अभ्यास सगळा भरून काढायला लावू नका. पुढच्या धड्यासाठी जेवढा लागतो तेवढाच निवडून द्या. हातावरचे व्रण दिसले, तर वर्गात बोलू नका. ताजे असतील, तर तिला बाजूला घेऊन शांतपणे विचारा आणि त्याच दिवशी घरी कळवा, पण कळवणार आहात हे आधी तिला सांगून.